इंग्लंडमधल्या लॉ सेंटरमध्ये सॉलिसिटरचं काम: अनुभव, माहिती, प्रश्न

पारिजातक

भाडेकरूंच्या धाग्यावर मी दोन-तीन प्रतिसाद दिल्यापासून व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपांत) तेच तेच प्रश्न येताहेत. लॉ सेंटर म्हणजे नक्की काय, फी घेत नाही तर पगार कोण देतं, भारतातला वकील तिथे काम करू शकतो का. एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते.

मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये एका लॉ सेंटरात, म्हणजे गरजूंना फी न घेता कायद्याची मदत करणाऱ्या संस्थेत, सॉलिसिटर (वकील) आहे. माझ्याकडे घरांची कामं असतात. घरमालकाने लावलेले ताब्याचे दावे, काउन्सिलने (इथल्या पालिकेने) 'तुम्ही नियमात बसत नाही' म्हणून परत पाठवलेली कुटुंबं, भिंतीवर बुरशी चढलेल्या खोल्या. शेजारच्या टेबलावर इमिग्रेशन, त्यापलीकडे सरकारी भत्ते आणि कर्जं. येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तिन्ही टेबलं लागतात, कारण त्याची अडचण अशी कप्पे पाडून आलेली नसते.

इथलं पहिलं लॉ सेंटर १७ जुलै १९७० रोजी लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये, गोलबोर्न रोडवर सुरू झालं. जागा होती खाटकाचं जुनं दुकान. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सरकारी खर्चाने वकील मिळण्याची सोय १९४९च्या कायद्याने झालेली होती, पण वकिलांची ऑफिसं होती जिथे पैसेवाली माणसं राहायची तिथे. खोलीत उंदीर आहेत म्हणून कोण गालिचा घातलेल्या ऑफिसात जाणार? रस्त्यावरच्या दुकानात मात्र माणूस पिशवी घेऊन सहज आत शिरतो. त्याच सेंटरने पुढे २०१७मध्ये त्याच भागातल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला लागलेल्या आगीनंतर तिथल्या रहिवाशांसाठी काम केलं. आग लागली तेव्हा ते वस्तीत सत्तेचाळीस वर्षं बसलेलं होतं, लोकांना त्याचं दार माहीत होतं.

आता रोजचं काम. सगळ्यात जास्त काही कळतं ते कोर्टातल्या ड्यूटीच्या दिवशी. काउंटी कोर्टात ताब्याच्या दाव्यांची यादी लागते. एकेका केसला जेमतेम पाच-दहा मिनिटं. ज्यांना वकील नाही अशांना त्या दिवशी ड्यूटीवरचा सल्लागार मोफत मिळतो, उत्पन्न किती हेही विचारत नाहीत. कोर्टाच्या बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली असतात, मी नाव विचारत फिरते.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक बाई, पहाटे ऑफिसं झाडायचं काम, सोबत कॉलेजातली मुलगी. हातात सुपरमार्केटची पिशवी, पिशवीत तपकिरी पाकिटं, बरीचशी न फोडलेली. भाडं महिना ९५० पौंड, थकबाकी २,०५०. तेव्हाचा नियम असा होता की खाजगी भाडेकरूची थकबाकी नोटिशीच्या वेळी आणि सुनावणीच्या दिवशीही दोन महिन्यांच्या भाड्याइतकी किंवा जास्त असेल, तर कायद्यातल्या आठव्या कारणाखाली न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागतो. दया, आजारपण, मुलं, कशाचाही विचार करायची मुभा नाही. दोन महिन्यांचं भाडं १,९००. म्हणजे दीडशे पौंडांवर घर अडलेलं. (१ मे २०२६पासून नव्या कायद्याने ही मर्यादा तीन महिन्यांची, आणि कारण न देता घर खाली करायला लावणारं कलम २१ रद्द.)

मी तिथेच पाकिटं फोडायला घेतली. भाडं थकलं का, तर युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारा सरकारी भत्ता, अचानक कमी झालं. ते कमी का झालं, तर मुलगी सोळा वर्षांची झाली. ती पुढे शिकते आहे का, असा प्रश्न भत्त्याच्या ऑनलाइन खात्यात येऊन पडला होता. बाईंना इंग्रजी बोलता येतं, वाचता येत नाही. उत्तर गेलं नाही, मुलीचा हिस्सा बंद झाला. त्यांनी भाड्यातले पैसे किराणाला वापरले. कोणीही तेच केलं असतं.

मग मी विचारलं, डिपॉझिट किती दिलंत आणि कुठे ठेवलंय? "मालकाला दिले ९५०, रोख." पावती होती. पण इंग्लंडमध्ये मालकाला डिपॉझिट ३० दिवसांत अधिकृत योजनेत जमा करावं लागतं, आणि त्याचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. नाही केलं तर कोर्ट डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट दंड भाडेकरूला देववतं. तिन्ही योजनांच्या साइट मी फोनवर तपासल्या. कुठेच नोंद नव्हती. म्हणजे बाईंचंच मालकाकडे येणं निघालं, आणि ते थकबाकीतून वजा केलं की थकबाकी दोन महिन्यांच्या खाली.

न्यायाधीशांपुढे मी एवढंच मांडलं. त्या दिवशी ताब्याचा आदेश झाला नाही, लेखी बचाव आणि प्रतिदावा दाखल करायला मुदत मिळाली. पुढे तडजोड झाली. मुलीचा हिस्सा मागच्या तारखेपासून सुरू करून घेतला. त्या अजून त्याच घरात आहेत.

मला सांगायचंय ते यापुढे आहे. कोर्टातल्या त्या सकाळचे पैसे सरकारने आम्हाला दिले. पण सहा महिन्यांआधी भत्ता कापला गेला, तेव्हा एक साधा अर्ज लिहून देणारं कोणी असतं तर हा दावाच उभा राहिला नसता, आणि त्या अर्जाचे पैसे कोणी देत नाही. एप्रिल २०१३पासून लागू झालेल्या कायद्याने भत्त्यांचे वाद, बहुतेक कर्जाचे आणि नोकरीचे प्रश्न, आश्रयाचे सोडून बहुतेक इमिग्रेशन, हे सगळं सरकारी मदतीच्या बाहेर काढलं. घर जायची वेळ आली की मदत मिळते, घर ज्यामुळे जातं त्यासाठी नाही. ऑगस्ट २०२३पासून थोडी सुधारणा आहे. ताब्याची लेखी नोटीस आली की भत्ते आणि कर्जाबद्दलही सल्ला देता येतो. पण नोटीस येईपर्यंत थांबायचं का? आमचं सेंटर ट्रस्टच्या देणग्यांवर भत्त्यांचं टेबल चालवतं. ती देणगी दर दोन-तीन वर्षांनी संपते आणि नव्याने मागावी लागते.

विचारा काय विचारायचं ते.

सुलेखा_ठाणे

ताई, किती बारकाईने लिहिलंत. डिपॉझिटचं वाचून मी उठून बसले. माझा प्रश्न वेगळा आहे. नात्यातली एक मुलगी लग्न करून तिकडे आहे, नवऱ्याच्या व्हिसावर. घरात त्रास आहे, पासपोर्ट सासूने कपाटात ठेवलाय. ती म्हणते, निघाले तर परत पाठवतील. इथे कोणी तरी लिहिलं होतं की सहा महिने काढ, मग बघू. तिला काय सांगू?

पारिजातक

सुलेखाताई, आधी एक गोष्ट कळकळीने सांगते, सगळ्यांनाच. ब्रिटनमध्ये परवानगी नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे. ते उगाच नाही. चुकीच्या सल्ल्याने माणसाचा राहण्याचा हक्क जातो आणि तो परत मिळत नाही. म्हणून इथे मी फक्त माहिती देते, तिच्या केसबद्दल बोलत नाही. 'सहा महिने काढ' असं तर कोणीच कोणाला सांगू नये.

माहिती अशी. ब्रिटिश नागरिकाची किंवा तिथे कायम स्थायिक असलेल्याची पत्नी म्हणून आलेली बाई अत्याचारामुळे वेगळी झाली, तर तिला स्वतःच्या नावाने कायम राहण्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज होईपर्यंत तीन महिने राहण्याची सवलत मिळते, त्यात सरकारी भत्ते आणि निवारा घेता येतो. या अर्जासाठी वकिलाचा खर्च सरकारकडून मिळू शकतो. २०१३च्या कात्रीतून वाचलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. नवरा नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असेल, तर तीन महिन्यांची सवलत मिळू शकते, पण त्यातून कायम राहण्याचा मार्ग आपोआप उघडत नाही. शिवाय ही सवलत घेतली की आधीचा व्हिसा संपतो. म्हणून नवऱ्याचा व्हिसा कुठला हे कळल्याशिवाय तिने कुठलाही फॉर्म भरू नये.

पासपोर्ट हातात नाही म्हणून थांबायची गरज नाही. तिला राहत्या गावातलं लॉ सेंटर गाठू दे. मराठी-हिंदीत बोलायचं असेल तर तसं फोनवरच सांगावं, दुभाष्या मागवता येतो. पश्चिम लंडनच्या बाजूला असेल तर साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही महिलांची संस्था आहे, त्या १९७९पासून नेमकं हेच काम करतात. जीवाला धोका असेल तर ९९९ (पोलीस), आधी तेच. आणि तिच्या फोनवर हे निरोप पाठवू नका, तो कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

अजून एक. नवऱ्याने फिरायला म्हणून भारतात आणून इथेच सोडून दिलेल्या बायकांना ३१ जानेवारी २०२४पासून भारतातूनही अर्ज करता येतो, लग्नाच्या व्हिसावर गेल्या असतील तर. हे आपल्याकडे फार कमी जणींना माहीत आहे.

अप्पा_लेस्टर

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझा एक फ्लॅट भाड्याने आहे, आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेला. भाडेकरूने भाडं थांबवलं, वर मोफत वकील मिळाला, आणि मी मात्र तासाला पैसे मोजून वकील लावला. घरमालक म्हणजे सगळे कुबेर नसतात हो. तुमच्या केसमधला मालकही कदाचित माझ्यासारखाच असेल.

पारिजातक

अप्पा, राग कसला. तुमचा खर्च चालू असताना भाडं न मिळणं हे नुकसानच आहे, आणि कोर्टाच्या तारखा लांबतात हेही खरं. आमच्या केसमधला मालक एक-दोन घरांचाच धनी होता. तो खलनायक नव्हता.

पण त्याला कोणी लवकर सल्ला दिला असता तर त्याचंही भलं झालं असतं. युनिव्हर्सल क्रेडिटवरच्या भाडेकरूची थकबाकी दोन महिन्यांवर गेली की मालक स्वतः अर्ज करून घरभाड्याचा भाग थेट आपल्या खात्यात मागू शकतो, वर थकबाकीचा हप्ताही त्यातून कापून घेता येतो. तुम्ही तो अर्ज केला होता का? बहुतेक लहान मालकांना ठाऊकच नसतो. भत्ता तिसऱ्या महिन्यात दुरुस्त झाला असता तर त्याचं भाडं चालू राहिलं असतं आणि दावाच लागला नसता. म्हणून मी सारखी आधीच्या सल्ल्याबद्दल बोलते, त्यात तुमचाही फायदा आहे.

डिपॉझिटच्या दंडाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. दुसऱ्याचे पैसे ३० दिवसांत योजनेत टाकायचे, एवढंच काम. योजनेच्या एका प्रकारात तर त्याला फीही लागत नाही.

अप्पा_लेस्टर

थेट खात्याचं माहीत नव्हतं. एजंटने सांगितलं नाही. बघतो. बाकी मुद्द्यावर मी माझ्या जागी आहे, पण उत्तर सरळ दिलंत.

करवीरकर

धागा उत्तम. मी कोल्हापुरात वकिली करतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. इथल्या वाचकांसाठी तुलना करतो. आपल्याकडे घटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९अ आहे, १९८७चा विधी सेवा कायदा आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे सुलेखाताईंच्या शेजारची कुठलीही बाई, श्रीमंत असो वा गरीब, तालुका कोर्टात जाऊन मोफत वकील मागू शकते. १५१०० हा फोन आहे. पात्रता आपली तिकडच्यापेक्षा रुंद आहे.

अडतं कुठे ते सांगतो. फौजदारीत २०२२च्या योजनेपासून पूर्णवेळ बचाव वकील मोठ्या प्रमाणावर नेमले जाऊ लागले. दिवाणीत अजून आमच्यासारखे पॅनेलवाले. मानधन एवढं कमी की तारखेला जाऊन येण्याचा खर्च निघतो न निघतो. मग चांगला वकील आपल्या पैशाच्या केसला आधी वेळ देतो आणि प्राधिकरणाची फाइल मागे राहते. पक्षकाराला हे लगेच कळतं. 'सरकारी वकील आहे, लक्ष देणार नाही' असं मला तोंडावर ऐकवलंय. पारिजातक, तुमच्याकडे उत्पन्नाची मर्यादा काय? आणि दर?

पारिजातक

करवीरकर, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. इथे ढोबळमानाने सगळी वजावट करून महिन्याला ७३३ पौंडांपेक्षा जास्त उरत असेल तर दिवाणी मदत नाही, आणि शिल्लक ८,००० पौंडांच्या वर असेल तरी नाही. नोकरी करणारी, जेमतेम भागवणारी कितीतरी माणसं यातून गळतात. त्यांना मी दाराशी येऊन परत पाठवते, आणि त्यांच्याकडे खाजगी वकिलाचे पैसे नसतात हे मला दिसत असतं. तुमची महिलांसाठीची बिनअट पात्रता मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

दरांचं दुखणं सारखंच. इथले दिवाणी दर १९९६पासून वाढलेच नव्हते, उलट २०११मध्ये दहा टक्के कापले. घर आणि इमिग्रेशनचे दर वाढवायचा निर्णय आत्ता आत्ता झाला. तोवर कितीतरी फर्मनी हे काम सोडून दिलं. आज इंग्लंडमध्ये असे मोठे पट्टे आहेत जिथे घराच्या प्रश्नासाठी सरकारी मदतीवर काम करणारा एकही वकील नाही. हक्क तोच, कायदा तोच, पण तुम्ही कुठल्या गावात राहता यावर ठरतं.

शमी_मेलबर्न

ऑस्ट्रेलियातही हीच चळवळ. सिडनीतल्या रेडफर्नची आदिवासींसाठीची कायदा सेवा १९७०मध्ये, आणि आमच्याकडे मेलबर्नमधल्या फिट्झरॉयची १९७२च्या डिसेंबरात, टाउन हॉलच्या तळघरात. मी तिथे नाही, पण दुसऱ्या एका सेंटरात संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. आमच्याकडे हल्ली विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या पगाराच्या तक्रारी खूप. तासाचे पैसे कमी देतात आणि 'व्हिसा रद्द करू' म्हणून गप्प करतात.

निशांत_एलएलबी

मी पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे. मला हेच काम करायचंय, कॉर्पोरेट नको. मार्ग काय? पगार किती, रात्री झोप लागते का, सगळं खरं सांगा.

पारिजातक

निशांत, खरं सांगते. सॉलिसिटर व्हायला २०२१पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. पहिल्या भागात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात प्रत्यक्ष कौशल्यं: पक्षकाराशी बोलणं, युक्तिवाद, मसुदा. आधी भारतात सनद घेऊन वकील झालास तर दोन वर्षांच्या कामाची अट तुला लागू होत नाही. म्हणून घाईने इथे येऊ नकोस. आधी तिथे सनद घे, दोन-तीन वर्षं कोर्टात उभा राहा. कोर्टात उभं राहायची सवय मला इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडते, आणि ती मी पुण्याच्या कोर्टात शिकले.

व्हिसाचं मोठं अडतं. जुलै २०२५पासून नोकरीच्या व्हिसासाठी सर्वसाधारण पगार ४१,७०० पौंड लागतो आणि बऱ्याच लॉ सेंटरांचे पगार त्याच्या खाली आहेत. म्हणजे राहण्याचा हक्क दुसऱ्या मार्गाने असेल तरच हे सहज जमतं. कर्ज काढून इथे मास्टर्स करून थेट लॉ सेंटरात नोकरी, असं कोणी गोड चित्र रंगवत असेल तर सावध राहा. हेच काम करवीरकरांच्या जिल्ह्यात तुझी वाट बघतंय.

झोपेचं म्हणशील तर घर वाचलं त्या दिवशी लागते. बुरशीच्या केसेस मनात राहतात. रॉचडेलमधला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२०मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५पासून सामाजिक घरांना (काउन्सिल आणि गृहसंस्था भाड्याने देतात ती) लागू झाला, आता मालकाला ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती करावी लागते. मी रोज त्या मुदती पत्रांत लिहिते. ते पत्र लिहिताना दर वेळी तो मुलगा आठवतो, आणि आठवावा असंच मला वाटतं.

कागदाचं ओझंही सांगायला हवं. २०२५च्या वसंतात सरकारी लीगल एडच्या (सरकारी खर्चाने वकील देण्याच्या) यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि पोर्टल काही महिने बंद होतं. काम चालू, बिलं अडकलेली. छोट्या सेंटरांचा जीव टांगणीला लागला होता. आमच्या व्यवस्थापकांनी तेव्हा एकही पक्षकार परत पाठवला नाही, याचा मला अभिमान आहे.

म्हापशेकार

आमी गोंयकार इथे स्विंडनमध्ये बरेच, पोर्तुगीज पासपोर्टवाले. माझ्या भावाने ब्रेक्झिटनंतर इथे राहायला लागणारा स्वतःचा युरोपियन स्टेटस वेळेत काढला, पण मुलीचा काढलाच नाही. ती इथेच जन्मली, त्याला वाटलं ब्रिटिशच आहे. आता शाळेच्या सहलीला पासपोर्ट काढायला गेला तर नाही म्हणतात. अर्जाची मुदत तर २०२१ साली संपली. काही होईल का?

पारिजातक

म्हापशेकार, अशी मुलं बरीच आहेत, भाऊ एकटा नाही. इथे जन्मलं म्हणजे ब्रिटिश, असं १९८३पासून नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश किंवा कायम स्थायिक असावे लागतात. म्हणून पहिलं काम, मुलीच्या जन्मतारखेला दोघांचा दर्जा काय होता ते शोधणं. कायम असेल तर ती कदाचित ब्रिटिशच आहे, फक्त कागद दाखवायचेत. तात्पुरता असेल तर ३० जून २०२१ची मुदत गेली तरी उशिराचा अर्ज करता येतो, उशिराचं योग्य कारण द्यावं लागतं. मूल लहान होतं आणि पालकांनी अर्ज केला नाही, हे कारण धरलं जातं.

पुढचं मात्र माहितीच्या पलीकडचं आहे, त्यासाठी अधिकृत सल्लागारच हवा. जाताना मुलीचा जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट जुनेही, स्टेटस मिळाल्याची ईमेल, शाळेचं पत्र, लसीकरणाची लाल वही, सगळं न्यावं. आणि दर्जा ठरेपर्यंत मुलीला देशाबाहेर नेऊ नये. सहल चुकली तरी चालेल.

म्हापशेकार

देव बरें करूं. भावाला आत्ताच फोन करतो. नाताळात गोव्याला जायची तिकिटं काढलीत त्याने.

पारिजातक

मग तिकिटांचं त्याला आजच सांगा, आणि वेळ घेताना प्रवासाची तारीखही सांगायला लावा. तारीख कळली की सेंटर तातडीची वेळ देऊ शकतं.

सुलेखा_ठाणे

ताई, मुलीशी बोलणं झालं, तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून. नवरा नोकरीच्या व्हिसावर आहे म्हणते. फॉर्म भरू नको असं सांगितलंय. तिच्या गावातलं सेंटर कसं शोधायचं?

पारिजातक

छान केलंत. लॉ सेंटर्स नेटवर्कच्या साइटवर गावाचं नाव टाकलं की जवळचं सेंटर निघतं. तिच्या गावात नसेल तर मला व्यनि करा, फक्त गावाचं नाव लिहा, तिचं नाव नको. नवरा नोकरीच्या व्हिसावर आहे हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगू दे.

करवीरकर

आमच्या प्राधिकरणाकडे अर्ज कसा करायचा, वकील बदलून कसा मागायचा, यावर मी वेगळा धागा काढतो. निशांत, सनद झाली की कोल्हापूरला ये, बसायला टेबल आहे.